तळमजला, रस्त्याला लागून

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. तिथं बोलून झालं, घरी येऊन नवऱ्याशी वाद घालून झाला, आता लिहूनच काढते. पोस्ट लांबलचक आहे. भांडुप, कांजूर, नाहूर भागातल्या सगळ्यांनी जरा वेळ काढून वाचा, कारण लेखी हरकत द्यायला हातात १९ दिवस उरलेत.

आधी प्रकरण काय ते सांगते. आमच्या जवळचा एलबीएस रोडवरचा मॉल वाढवायचा आहे. त्याच्या मागे बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीचा एक तुकडा पडून आहे. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं गवत वाढतं, कडेला दोन जुनी चिंचेची झाडं आहेत. त्या तुकड्यावर मॉलची नवी विंग होणार, वर ऑफिसं, खाली पार्किंग. आणि नेमकं त्याच तुकड्यावर विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, महापालिकेच्या मंडईचं आरक्षण आहे. मंडई आजतागायत झाली नाही, म्हणून आपल्या भाजीवाल्या आणि मासेवाल्या वर्षानुवर्षं स्टेशन रोडच्या कडेला बसतायत. आता प्रस्ताव असा आहे की मंडई मॉलच्या पोटात, लोअर बेसमेंटमध्ये बांधून द्यायची आणि वरचं सगळं मॉलला वापरू द्यायचं. त्यासाठी आरक्षणात फेरबदल करायचा.

मॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक त्याच नावावर भांडत बसतात आणि जागा बाजूला राहते.

तर रविवारची सभा. मॉलवाल्यांनी दोन माणसं पाठवली होती, प्रोजेक्टर आणला होता. आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांचे लोक आले होते, चाळीतलेही काही होते. खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडले. एकीकडे तरुण मुलं आणि बरेचसे फ्लॅटमालक: मॉल मोठा झाला तर नोकऱ्या येतील, चांगलं थिएटर येईल, जागेचे भाव वाढतील. दुसरीकडे माझ्या वयाचे आणि त्याहून मोठे: आधीच एलबीएसवर मेट्रोचे पत्रे लागून किती वर्षं झाली, शनिवारी गाडी गेटातून बाहेर निघत नाही, पाणी सकाळी तासभर येतं, आता आणखी गर्दी कशाला? सातव्या मजल्यावरच्या नानांनी आवाज चढवला, त्यावर एका मुलानं "तुम्हाला कुठलाच विकास नको असतो" असं तोंडावर सांगितलं आणि मग जे व्हायचं तेच झालं. दीड तास "मॉल हवा" आणि "मॉल नको". मंडई हा शब्द मी विचारेपर्यंत कुणी उच्चारला नाही.

मॉलवर राग असण्याचं मला कारण नाही. दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चाला. दिवस जुलैचे. आपल्या फुटपाथवर पेव्हरब्लॉक उखडलेले, त्यात पाणी साचलेलं, तिथं साठीतला माणूस छत्री धरून चालणार कसा? दोन महिने हे रोज सकाळी मॉल उघडला की आत जाऊन तिन्ही मजल्यांवर फेऱ्या मारायचे. गेटवरचा मुलगा ओळखायला लागला, "काका, काल आला नाहीत" म्हणून विचारायचा. त्या मुलाचा आणि त्या गार, कोरड्या फरशीचा उपकार मी विसरणार नाही. आमच्या विंगमधली एक मुलगी त्याच मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करून बी.कॉम. पूर्ण करतेय. ती सभेत उभी राहून म्हणाली, "काकू, मला घरापासून चालत दहा मिनिटांवर नोकरी आहे, रात्री साडेनऊला सुटले तरी आई घाबरत नाही. हे तुम्ही मोजणार की नाही?" मोजलंच पाहिजे. तिचं बोलणं मला शंभर टक्के पटलं.

पण मग मला आठवण झाली आमच्या मासेवाल्या मावशींची.

मावशी स्टेशन रोडला बसतात. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून त्यांच्याकडून घेते, म्हणजे २८ वर्षं झाली. पहाटे तीनला उठून त्या भाऊच्या धक्क्यावर जातात, चार-पाच जणी मिळून टेम्पो करतात आणि माल घेऊन येतात. सकाळचा धंदा थोडा, खरा धंदा संध्याकाळी साडेपाच ते नऊ. तो कसा चालतो ते त्यांच्याशेजारी पंधरा मिनिटं उभं राहिलं की कळतं. गाडी आली की पुलावरून माणसांचा लोंढा उतरतो, दोन-तीन मिनिटं मावशींना मान वर करायला फुरसत नसते, मग पुढची गाडी येईपर्यंत शांत. उतरलेली बाई घड्याळाकडे बघत, पर्स छातीशी धरून, न थांबता विचारते, "मांदेली कशी दिली?" आवडलं तर घेते, नाहीतर चालत राहते. तो सगळा व्यवहार चालत्या पायांवर होतो. वाट वाकडी करून, सरकत्या जिन्यानं दोन मजले खाली जाऊन पाव किलो मांदेली घ्यायला कोण जाणार आहे?

आणि गेल्या वर्षीची एक गोष्ट. बसल्या जागेपासून सगळ्यात जवळचं स्वच्छ संडास मॉलमधलं. मावशींनी पाटी शेजारणीच्या ताब्यात दिली, हात धुतले, पदर नीट केला आणि आत गेल्या. त्यांना दारातच अडवलं. कपड्यांना वास येतो म्हणाले. त्या परत आल्या, पाटीवर पाणी मारलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पापलेट दाखवायला लागल्या. मी तेव्हा तिथंच होते. काही बोलले नाही, मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून प्रोजेक्टरवर तो व्हिडिओ चालू झाला तेव्हा मी डोळे फाडून बघत होते. काचेचं छत, आत झाडं, मुलं पळतायत, कॉफी पिणारी माणसं. लोअर बेसमेंटचं चित्र आलं, पांढऱ्या टाइल्स आणि एसी. त्यात मासे विकणारी एकही बाई नव्हती. मी हात वर केला. विचारलं, "आज स्टेशन रोडला बसणाऱ्या बायकांपैकी किती जणींना इथं ओटा मिळणार? यादी आहे का?" उत्तर आलं, "मॅडम, ते नंतर महापालिका ठरवेल." दुसरा प्रश्न विचारला, "नवी विंग आधी सुरू होणार की मंडई आधी?" उत्तर आलं, "फेजमध्ये होईल." मी ते उत्तर वहीत लिहून घेतलं. खाली तारीख घातली.

हे वहीत लिहून घेणं मी माझ्या वडिलांच्या अनुभवातून शिकले.

मी मूळची लालबागची. वडील गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी लहान होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संपाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्यावर खूप बोललं जातं. त्यानंतर कागदावर काय झालं ते फार कमी लोकांना माहीत असतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. बंद गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. आमच्या चाळीत तेव्हा लोक बोलायचे की आता मैदान होईल, घरं होतील. २००१ मध्ये तो नियम बदलला. गिरणीची मूळची जी जमीन मोकळी असेल तेवढीच वाटणीत धरायची, बांधकाम पाडून मोकळी होणारी धरायची नाही, असा अर्थ आला. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच. साचेखातं, गोदाम, चिमणी. वाटणीला उरलं काय? उच्च न्यायालयात २००५ मध्ये निकाल मोकळ्या जागेच्या बाजूनं लागला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ चा बदल कायम ठेवला. तोवर आमच्या चाळीतल्या एकाही माणसानं तो बदल वाचलेला नव्हता. वडील रोज पेपर वाचायचे, जाहिरातींसकट वाचायचे. त्यांनाही कळलं नाही. सगळे मोर्च्याची वाट बघत राहिले आणि काम एका कलमातल्या दोन ओळींवर होऊन गेलं.

त्या जमिनींवर ऑफिसं आली, मॉल आले, हजारो माणसं रोज तिथं उतरायला लागली. स्टेशनचे पूल गिरणीच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्या पुलावरून मी कॉलेजला जायचे. टीव्हीवर ते जिने दिसले तेव्हा मला प्रत्येक पायरी ओळखू येत होती. पावसामुळे लोक थांबले होते, एवढंच. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला, तो काही महिन्यांत उभाही राहिला. म्हणजे बांधता येत होता.

आमच्या स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभे राहा आणि मग सांगा, वरच्या ऑफिसांतली माणसं रोज यात मिसळली तर काय होईल. पुलाचा एक शब्द त्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हता. गाड्यांच्या पार्किंगवर सहा चित्रं होती.

किराणावाल्या शेठनाही मी बोलावलं होतं. मला वाटलं ते मॉलविरुद्ध कडाडून बोलतील. ते म्हणाले, "ताई, मॉलनं माझं जेवढं गिऱ्हाईक नेलं ते दहा वर्षांपूर्वीच नेलं. आता मला मारतंय ते दहा मिनिटांत घरपोच." हे ऐकून मी गप्प झाले, कारण माझ्याही फोनमध्ये ते अॅप आहे. म्हणजे बाजार बदलतोय तो एका मॉलमुळे नाही. पण मग रस्त्यावरचा जो बाजार अजून जिवंत आहे, ज्याला गिऱ्हाईक आहे, त्याच्या हक्काची जागा तरी आपण हातची का घालवायची?

बेसमेंटबद्दल माझा विरोध भावनिक आहे असं सभेत एक गृहस्थ म्हणाले. भावनिक नाही. मासळी बाजाराला पहिली गोष्ट लागते ती उतार आणि गटार. बर्फ दिवसभर वितळतो, मासे धुतले जातात, खवले, रक्त, सगळं पाण्याबरोबर वाहून जायला हवं. जमिनीखाली ते पाणी पंपानं वर खेचावं लागतं, आणि पंप बिघडला की दुसऱ्या दिवशी तिथं कोणी पाय ठेवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी एलबीएसवरून छातीभर पाण्यातून चालत घरी आलेय. तो रस्ता आजही तुंबतो. त्याच्या पातळीच्या दोन मजले खाली बायकांना माल घेऊन बसवणार?

आणि आग. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या मॉलला लागलेली आग विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले, शेजारच्या टॉवरमधल्या हजारो रहिवाशांना रात्री घराबाहेर काढावं लागलं. मार्च २०२१ मध्ये आपल्या भांडुपमधल्या मॉलला आग लागली, वरच्या मजल्यावर कोविडचं रुग्णालय होतं. पेशंट गेले. त्या रात्रीचा वास आमच्या गॅलरीत दोन दिवस होता. आज मॉलच्या मागची ती मोकळी जागा आहे म्हणून बंब सगळीकडून फिरू शकतो. तिथं विंग उभी राहिल्यावर बंब कुठून जाणार हे नकाशावर दाखवा, एवढंच मी विचारलं. "सगळ्या परवानग्या घेऊनच करणार" हे उत्तर झालं नाही. परवानग्या त्या इमारतींनाही होत्याच की.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रविवारच्या सभेला कायद्यानं काहीही किंमत नाही. मॉलवाल्यांनी ती सौजन्य म्हणून घेतली. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे तुम्ही हॉलमध्ये घसा कोरडा करून जे बोललात त्याची कुठेही नोंद नाही. नोंद होते ती एकाच ठिकाणी. आरक्षणात फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करावी लागते, आणि कुणीही माणूस एका महिन्यात लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कुणीही. फ्लॅटमालक असायची अट नाही. भाडेकरू देऊ शकतो, मावशी देऊ शकतात. आमच्याकडे सूचना पेपरात आली ती दोन बोटं रुंदीची, बारीक अक्षरात. आमच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला तेव्हा ११ दिवस गेले होते.

याचा उपयोग होतो का? होतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा त्यात इतक्या चुका होत्या की हजारो लोकांनी हरकती दिल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आराखडा नव्यानं करायचे आदेश निघाले. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. ते काम साध्या माणसांनी नकाशे उलगडून, आपापली गल्ली शोधून केलं होतं.

आपल्या जागेवर काय आरक्षण आहे ते बघायला कुणाची ओळख लागत नाही. सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर, माहीत असेल तर महापालिकेच्या संकेतस्थळावर फी भरून डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय आहे त्याचा कागद, मिळतो. मी काढला. त्यावर मंडई स्वच्छ छापलेली आहे, ती मी प्रिंट काढून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली. पहिल्यांदा काढून टाकली कुणीतरी, मी परत लावली.

माझी हरकत "मॉल नको" अशी नाही. तशी हरकत देऊ नका, असं मी हात जोडून सांगते. त्यात दम नाही, आणि त्या बी.कॉम.च्या मुलीवर तो अन्याय आहे. मी चार गोष्टी मागितल्यात. मंडईचं आरक्षण तळमजल्यावरच राहावं. मंडई बांधून, ओटे वाटून झाल्याशिवाय नव्या विंगला वापर परवाना मिळू नये, कारण एकदा मॉल सुरू झाला की मंडईसाठी कुणाला घाई राहत नाही. आज रस्त्यावर बसणाऱ्यांची नावं आधी यादीत यावीत; २०१४ चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवू देत नाही, तेव्हा ते सर्वेक्षण आधी व्हावं. आणि स्टेशनचा पूल रुंद करण्याचं लेखी आश्वासन, कोण करणार आणि कधी, याच्यासकट. मंडईत बायकांसाठी संडास हवं हे मी वेगळं लिहिलंय, ठळक अक्षरात.

नवरा म्हणतो, एवढं लिहून दिलंस तरी ते करतील तेच करतील. करू देत. पण या वेळी आम्ही वाचलं नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ मी मंडळाच्या ऑफिसात बसणार आहे. हरकतीचा मसुदा मराठीत आणि हिंदीत आहे, झेरॉक्स काढून ठेवल्यात. तो जसाच्या तसा सही करून देऊ नका, तुमच्या शब्दांत तुमची अडचण दोन ओळी तरी लिहा. एकसारखी शंभर पत्रं एका गठ्ठ्यात बांधली जातात. दोन प्रती करा, एक जमा करायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच घरी आणायची. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सुनावणीला बोलावतील तेव्हा ती लागेल.

मावशींची हरकत मी काल रात्री लिहिली. धंदा आवरून त्या नऊ वाजता घरी आल्या, आत यायला तयार होईनात, वास येईल म्हणाल्या. मी हाताला धरून आत आणलं, किचनच्या टेबलाशी बसवलं, चहा केला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "वाच बघू." वाचलं. "परत वाच." परत वाचलं. "महापालिकेची मंडई तळमजल्यावरच बांधण्यात यावी" या वाक्याला त्यांनी मला थांबवलं.

"तळमजला म्हंजे मॉलच्या मागच्या अंगाला पन दाखवतील गो बाय. तिकरं कोन येनार? पुढं लिव, रस्त्याला लागून."

मी "तळमजल्यावरच" खोडलं, वर लिहिलं: तळमजल्यावर, स्टेशन रोडला लागून. खोडलं तिथं त्यांनी सही केली, आणि मग खाली परत एकदा.